गावाकडचा डावखुरा फास्ट बॉलर झहीर खान होऊ शकतो का? की अकरावी सायन्सला टाकावं?

तुमचा प्रश्न परवाच वाचला होता आणि पुढे सरकलो होतो. पण रात्रभर तो डोक्यातून जाईना. पोरगा 15 चा, डावखुरा, गावात त्याच्याएवढं फास्ट कोणी टाकत नाही, सिलेक्शनला पहिल्याच ओव्हरमधे चार वाइड गेले, तिथले सर म्हणाले याला टेम्परामेंट नाही, तर आता झहीर खानची स्वप्नं बघावीत की गप सायन्सला टाकावं, असं तुम्ही विचारलंय. ते "पहिल्याच ओव्हरमधे" वाचलं आणि माझं डोकं सटकलं. माझ्या आयुष्याची तेवीस वर्षं या दोन शब्दांवरून मामाशी भांडण्यात गेलीत.

मी राहुरीकडचा. श्रीरामपूर आमच्यापासून तासाभराच्या आत. म्हणजे झहीर आमचा, असं आम्ही सगळे छाती काढून सांगायचो, जणू काय आम्हीच त्याला उसाच्या फडात बॉलिंग शिकवली. 2000 साली नैरोबीत त्याने ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा यॉर्करवर दांडा उडवला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेत जो तो डाव्या हाताने बॉल टाकायला लागला. उजवे सुद्धा. मी मुळातच डावरा, त्यामुळे माझा भाव एका रात्रीत वाढला. त्याआधी डावरा म्हणून आजीचे फटके खाल्ले होते जेवताना.

आता 23 मार्च 2003. रविवार. जोहान्सबर्गला वर्ल्डकपची फायनल, समोर ऑस्ट्रेलिया, आपल्याकडे दुपारी दीडला सुरू. आणि आमच्याकडे लोडशेडिंग. तेव्हाचं लोडशेडिंग ज्यांनी काढलंय त्यांनाच कळेल. आण्णांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणली, तिच्यावर पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावला, पत्र्यावर अँटेना धरायला चुलतभाऊ. समोर तीसेक माणसं. आणि मुंबईहून आलेला मामा. मामा कांगा लीग खेळलेला, पावसातल्या ओल्या विकेटवर, त्यामुळे क्रिकेटमधला शेवटचा शब्द त्याचा. आमच्या घरात तरी.

टॉस गांगुलीने जिंकला आणि बॉलिंग घेतली. पहिली ओव्हर झहीर. पुढचं सगळ्यांना माहितीये. नोबॉल, वाइड, ओपनरला शिव्या, ओव्हर संपता संपेना, 15 रन गेले. पत्र्यावरून चुलतभाऊ ओरडतोय काय झालं काय झालं आणि खाली कोणी बोलायला तयार नाही. मग मामा बोलला. "संपली मॅच. गावाकडचं पोर आहे, मोठ्या मॅचला हात थरथरतो. पहिल्या ओव्हरचा रोग असतो हा, औषध नाही याला."

पहिल्या ओव्हरचा रोग. लक्षात ठेवा.

ऑस्ट्रेलिया 359 वर 2. पाँटिंग 140 नाबाद. आपण 125 नी हरलो. झहीर 7 ओव्हर 67, विकेट नाही. आता मला सांगा, त्याच मॅचमधे श्रीनाथने 10 ओव्हरमधे 87 दिले ते किती जणांना आठवतंय? कोणालाच नाही. कारण ते हळूहळू गेले. आणि त्याच वर्ल्डकपमधे आपल्याकडून सगळ्यात जास्त विकेट, 18, झहीरच्याच होत्या, त्या नसत्या तर फायनलला कोणाचा काका नेणार होता आपल्याला? पण नाही. एक ओव्हर.

हे मी तेव्हा मामाला बोललो नाही. सतरा वर्षांचा होतो, मामासमोर तोंड उघडायची पद्धत नव्हती.

मग त्याच वर्षी मे महिन्यात माझी स्वतःची ओव्हर झाली. पुण्यात एका ठिकाणी ट्रायल होती, कुठे ते सांगत नाही, आता त्या माणसांशी भांडून काय फायदा. पहाटेच्या एसटीने शिवाजीनगरला उतरलो, मामा परस्पर मुंबईहून आला. ग्राउंडवर दीडदोनशे पोरं, छातीवर नंबर, प्रत्येकाला एक ओव्हर. एकच. मी आयुष्यभर टेनिस बॉल आणि रबरी बॉलवर वाढलेला, सीझन म्हणजे चामड्याचा बॉल हातात घेतला असेल सात-आठ वेळा, आणि तोही शिवण उसवलेला, गावातल्या सिमेंटच्या पिचवर घासून लालाचा पांढरा झालेला. तिथे मला दिला नवाकोरा. साबणाची वडी हातात धरल्यासारखं वाटलं. पहिला बॉल साइडनेटमधे. दुसरा पण. तिसरा बॅट्समनच्या डोक्यावरून. चौथा बरा पडला, पाचवा आत आला आणि पॅडवर आदळला, सहावा बाहेर निघाला आणि बॅट्समन चक्क बीट झाला, मी वळून बघितलं तर तो कागदवाला माणूस पुढचा नंबर पुकारत होता.

म्हणजे तीन बॉल मला तो बॉल ओळखायला लागले आणि तीन बॉल मी टाकले. माझ्या मते हा चांगला हिशोब आहे.

बसस्टँडवर मामाने उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "बघितलंस भाच्या? तोच रोग." घरी आल्यावर हेच आण्णांना सांगितलं. जूनमधे माझं डिप्लोमाला ॲडमिशन झालं. आज चाकणला आहे, शिफ्ट इनचार्ज, बरं चाललंय, तक्रार नाही. पण तो रस अजून घशात आहे.

आता झहीरचं पुढे काय झालं ते नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, स्टीव्ह वॉच्या यॉर्करमधे नाही. 2003 नंतर त्याचं शरीर बोंबललं. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात ब्रिस्बेनला पहिल्या टेस्टला 5 विकेट घेतल्या आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेली. मग आत-बाहेर, आत-बाहेर. तोवर इरफान पठाण आला, तोही डावखुरा, मग आरपी सिंग आला, तोही डावखुरा, श्रीशांत आला. बोर्डाच्या करारात झहीर खालच्या ग्रेडला गेला. लोकांनी त्याचं तेरावं घातलं होतं 2005 च्या शेवटी. मामा तर फोन करून करून सांगायचा.

2006 ला तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. तिथे ना नाव ना कॅमेरे. रोज सकाळी उठायचं, थंडीत बॉल टाकायचा, दुसऱ्या दिवशी परत. एका सीझनमधे 78 विकेट. रनअप कमी केला, उडी कमी केली, म्हणजे शरीराला जे झेपत नव्हतं ते काढून टाकलं आणि डोकं वाढवलं. पळताना उजव्या हाताने बॉल झाकायचा, बॅट्समनला चकाकी कुठल्या बाजूला ते दिसूच द्यायचं नाही. जुना बॉल आत-बाहेर दोन्हीकडे. राउंड द विकेट येऊन डावखुऱ्यांचा जीव घ्यायचा, साउथ आफ्रिकेच्या ग्रॅमी स्मिथला विचारा. स्पीड आधीपेक्षा कमी आणि बॉलर आधीपेक्षा दुप्पट.

आणि कमबॅकची टेस्ट कुठे? डिसेंबर 2006, जोहान्सबर्ग, वाँडरर्स. तेच ग्राउंड! साउथ आफ्रिकेत भारताने जिंकलेली पहिली टेस्ट. श्रीशांतचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे, पण नवा बॉल दुसऱ्या बाजूने झहीरच्या हातात होता. मी मामाला फोन केला. मामा म्हणाला रेंज नाहीये, नंतर बोलतो. लँडलाइनवर.

2007 ट्रेंट ब्रिज. हा बॅटिंगला आला तर पिचवर जेलीच्या गोळ्या पडलेल्या. इंग्लंडची पोरं चेष्टा करत होती म्हणे. झहीर असा भडकला की बॅट घेऊन पीटरसनच्या अंगावर, आणि मग दुसऱ्या इनिंगला 5, मॅचमधे 9. आपण सिरीज जिंकलो, 1986 नंतर पहिल्यांदा इंग्लंडमधे. टेम्परामेंट नाही म्हणतात ना, ते हे.

2011 चा वर्ल्डकप सांगायची गरज आहे का? सांगतोच. 21 विकेट, पाकिस्तानच्या आफ्रिदीच्या बरोबरीने सगळ्यात जास्त. वानखेडेवर फायनल. पहिली ओव्हर परत झहीर. आम्ही तेव्हा भोसरीला रूमवर सातजण होतो आणि मी एकटाच उभा होतो, बसवत नव्हतं. मेडन. दुसरी, मेडन. तिसरी, मेडन. मग श्रीलंकेचा थरंगा स्लिपमधे सेहवागकडे कॅच. पाच ओव्हरचा स्पेल, 3 मेडन, 6 रन, 1 विकेट. ज्या माणसाला पहिल्या ओव्हरचा रोग होता त्याने वर्ल्डकप फायनलमधे स्वतःच्या पहिल्या तीन ओव्हर कोऱ्या टाकल्या. आणि अजून एक, ते पिच बनवलं होतं सुधीर नाईक यांनी, म्हणजे तेच, ज्यांच्या क्लबात झहीर सतरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर श्रीरामपूरहून जाऊन दाखल झाला होता. असं कोणी गोष्टीत लिहिलं तर आपण म्हणू काहीही.

मी मामाला मेसेज केला, "औषध सापडलं." मामाचा रिप्लाय मॅच संपल्यावर आला. "शेवटच्या दोन ओव्हरला 35 गेले. टोटल 60."

खरंय ते. 10 ओव्हर, 60 रन, 2 विकेट. मामा असाच आहे.

बरं, तुमचा मुलगा. पहिलं म्हणजे तो "टेम्परामेंट नाही" म्हणणारा माणूस डोक्यातून काढा. सहा बॉलमधे टेम्परामेंट मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. सीझन बॉलवर तो किती दिवस खेळलाय ते बघा, टेनिसवरून सीझनवर येताना बॉल सुरुवातीला हातातून कुठेही सुटतो, त्याला भीती म्हणत नाहीत, सवय नसणं म्हणतात. रोज एकच नवा बॉल नको, एक जुना, एक अर्धवट, एक नवा असे तीन द्या. बुटाला पैसे घाला, बॅट नाही घेतली तरी चालेल.

दुसरं, झहीर गावात राहून झहीर झाला नाही हे पण ऐका. मुंबईला गेला, इंजिनिअरिंग सोडलं, क्लब खेळला, तरी मुंबईच्या रणजी टीममधे जागा नाही, मग चेन्नईला एमआरएफच्या पेस फाउंडेशनमधे, जिथे फास्ट बॉलर घडवतात, मग बडोद्याकडून रणजी. 2000-01 ला बडोदा रणजी जिंकलं त्या फायनलला याच्या 5 विकेटच्या इनिंगने मॅच फिरली. मुंबईची कॅप मिळाली तोवर तो इंडियाचा जुना बॉलर झाला होता. म्हणजे पुणं की मुंबई यावर एवढं डोकं फोडू नका, जिथे मॅच मिळते तिथे पाठवा. नुसत्या नेटमधे सहा महिने पैसे भरून टाकणाऱ्या अकॅडम्या गल्लोगल्ली आहेत.

15 म्हणजे उशीर झाला असंही नाही. उमेश यादव घ्या, नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, विशीच्या आसपास सीझन बॉलने खेळायला लागला, त्याआधी पोलीस भरती हुकलेली. 57 टेस्ट, 170 विकेट.

आता हे पण लिहिलं पाहिजे नाहीतर कॉमेंटमधे लोक मला फाडतील. झहीर 92 टेस्टमधे 311 विकेट घेऊन थांबला, फास्ट बॉलरमधे आपल्याकडे तेव्हा फक्त कपिल त्याच्या पुढे होता, पण फिटनेसच्या बाबतीत त्याच्याकडे बघून शिकू नका. 2011 ला लॉर्ड्सला पहिल्याच दिवशी दोन विकेट घेऊन लंगडत बाहेर गेला आणि आपण ती सिरीज 4-0 हरलो. मी त्याचा कितीही असलो तरी तेव्हा शिव्या घातल्या. तुमच्या पोराची पाठ दुखत असेल तर दुसऱ्या दिवशी टाकायला लावू नका, या वयात पाठीच्या हाडाला तडा गेला की वर्ष जातं. चांगल्या ऑर्थोपेडिकला दाखवा, गावातल्या मालिशवाल्याला नाही. आणि हो, अकरावीला टाकाच. कॉलेज आणि बॉलिंग दोन्ही होतं, आमच्या घरात कोणाला ते सुचलं नाही एवढंच. मी डिप्लोमाला होतो तेव्हा संध्याकाळी चार तास रिकामा असायचो. चार तास!

आणि हे सगळं ऐकून तो मोठा बॉलर होईलच असं मी म्हणत नाहीये. बहुतेक नाही होणार. मी पण झालो नसतो, तो कागदवाला थांबला असता तरी. पण ते सहा बॉलवर ठरायला नको होतं.

हे उत्तर मामाला पाठवतोय. तो वाचेल आणि शेवटच्या दोन ओव्हरचंच काढेल.