वाचकांचे प्रश्न : उन्हात चुकणारी चिप

प्रश्न : ठिबकचे व्हॉल्व्ह चालू-बंद करायला मी एटमेगा 328 या मायक्रोकंट्रोलर चिपवर (एका चिपमधला छोटा संगणक) दोन बोर्ड बनवले आहेत. एक पंपघरात आहे, दुसरा शेतात लोखंडी पेटीत. दोन्ही बोर्ड वायरवरून सिरियलने, म्हणजे एकामागून एक बिट पाठवून, एकमेकांना निरोप देतात. क्रिस्टल (घड्याळाला ठोके देणारा क्वार्ट्झचा तुकडा) लावलेला नाही, चिपच्या आतलंच 8 मेगाहर्ट्झचं घड्याळ वापरतो. सकाळी सगळं सुरळीत चालतं. मे महिन्यात दुपारी बारानंतर मात्र भलतीच अक्षरं यायला लागतात. आमच्या काकांचा 555 या टायमर चिपवरचा जुना टायमर बॅटरी 5 व्होल्टची 4.5 झाली तरी तेवढाच वेळ धरतो. मग नवी चिप जुनीपेक्षा कच्ची कशी? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : कच्ची नाही, तिच्यावर टाकलेलं काम वेगळं आहे. आधी काकांच्या टायमरचं बघू, कारण त्यात फार सुंदर युक्ती आहे.

555 ची रचना हान्स कॅमेनझिंड यांनी 1971 मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी केली, बाजारात ती 1972 साली आली. तिच्या पोटात 5-5 किलोओहमचे तीन सारखे रेझिस्टर एकापुढे एक आहेत. ते पुरवठ्याच्या व्होल्टेजचे तीन समान भाग करतात. बाहेरचा कपॅसिटर भरत भरत दोन तृतीयांशाच्या खुणेला पोचला की वेळ संपली. तुमच्याच हौदाचं उदाहरण घ्या. वीज कमी आली, मोटार मंदावली, पण त्याच प्रमाणात हौदातला फ्लोटही खाली आणला, तर मोटार बंद व्हायला तेवढाच वेळ लागेल. इथे तसंच होतं. व्होल्टेज उतरलं की कपॅसिटर सावकाश भरतो, आणि खूणही तितकीच खाली येते. सूत्रात शेवटी 1.1 गुणिले आर (कपॅसिटर भरणारा बाहेरचा रेझिस्टर) गुणिले सी (तो कपॅसिटर) एवढंच उरतं, व्होल्टेज त्यात येतच नाही. चिपमधले रेझिस्टर तापल्यावर बदलतात, पण शेजारी शेजारी असल्याने तिघंही एकदमच बदलतात आणि त्यांचं गुणोत्तर जागच्या जागी राहतं. बावीस वर्षं पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये हे शिकवते आहे, तरी दरवेळी फळ्यावर व्होल्टेज खोडताना मला तितकाच आनंद होतो.

मात्र आर आणि सी चिपच्या बाहेर असतात, त्यांना ही सवलत नाही. एकदा एका विद्यार्थ्याने 10 सेकंदांच्या टायमरला वाय5व्ही जातीचा स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर लावला होता. मी त्यावर हेअर ड्रायर धरला, तर साडेपाच सेकंदांतच रिले टकटकला. या जातीची क्षमता तापमानाबरोबर 82 टक्क्यांपर्यंत घसरू शकते. काकांच्या टायमरचा कपॅसिटर कधी बदलावा लागला तर फिल्मचा घ्या. तो लहान पडतो म्हणून रेझिस्टर काही मेगाओहमचा लागेल, आणि मग 555 ही सीमॉस जातीची, म्हणजे पिनेत अगदी नगण्य करंट घेणारी हवी. जुन्या जातीच्या पिनेत जो बारीकसा करंट शिरतो, तो एवढ्या मोठ्या रेझिस्टरपुढे जड जातो.

आता तुमचा बोर्ड. एटमेगाच्या आतही रेझिस्टर-कपॅसिटरचंच घड्याळ आहे. फरक वेगाचा आहे. 8 मेगाहर्ट्झचं एक आवर्तन 125 नॅनोसेकंदांचं. खूण गाठल्याचं कळून ट्रान्झिस्टरांनी स्विच फिरवायला जो उशीर लागतो, तो कुठल्याही गुणोत्तरात मावत नाही. तो व्होल्टेजबरोबर आणि उष्णतेबरोबर मोकळा बदलतो. 10 सेकंदांत 5 नॅनोसेकंद म्हणजे काहीच नाही, 125 मध्ये तेच 4 टक्के होतात. शिवाय आतला रेझिस्टरही तापून बदलतो. काही गोष्टी वेळ वाढवतात, काही कमी करतात, आणि जे उरतं ते तुमच्या वायरवर दिसतं. कारखान्यातून येताना या घड्याळाची हमीसुद्धा 3 व्होल्ट आणि 25 अंशांना ±10 टक्के एवढीच असते.

तुमचं पत्र आल्यावर लॅबमधला तसाच एक बोर्ड काढून तापवला. 65 अंशांना त्याचं घड्याळ 8.33 मेगाहर्ट्झवर गेलं, म्हणजे 4 टक्के पुढे. सिरियलमध्ये एका अक्षराचे 10 बिट असतात. पहिल्या बिटावर घड्याळ जुळवायचं आणि पुढचा प्रत्येक बिट मधोमध वाचायचा. शेवटच्या बिटाच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिट झालेले असतात. शेतातला बोर्ड 4 टक्के पुढे आणि पंपघरातला दीड टक्का मागे असेल, तर साडेपाच टक्क्यांनी अर्ध्या बिटाहून जास्त चूक साचते. वाचायचा होता तो बिट निसटतो आणि शेजारचा वाचला जातो. सकाळी दोघंही साधारण सारखेच चुकत होते, म्हणून भागत होतं.

उपाय सोपा आहे. दोन्ही बोर्डांवर 8 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि 22 पिकोफॅरॅडचे दोन-दोन कपॅसिटर लावा. क्रिस्टल उन्हात दशलक्षात काही दहा भागच हलतो. पण एक ध्यानात ठेवा : आधी क्रिस्टल सोल्डर करा, मगच फ्यूज बिट (चिपने कुठलं घड्याळ वापरायचं ते ठरवणारी तिच्यातली सेटिंग) बदला. उलट केलंत तर चिपला घड्याळच मिळणार नाही आणि प्रोग्रॅमरला (चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या साधनाला) ती सापडणार नाही.

प्रश्न : आमचं भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ मे महिन्यात मागे पडतं आणि थंडीतही मागेच पडतं. असं कसं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. घड्याळातला 32,768 हर्ट्झचा क्रिस्टल 25 अंशांच्या आसपास सर्वांत जलद असतो, तिथून कुठेही सरकलात तरी मंदावतो. 40 अंशांना आणि 10 अंशांना फरक सारखाच, 15 अंशांचा. तापमान सतत तेवढंच राहिलं तर महिन्याला सुमारे 20 सेकंद मागे.

डीएस3231 ही घड्याळाची चिप दर 64 सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजून ही मंदी भरून काढते. 0 ते 40 अंशांत तिची चूक दशलक्षात 2 भाग, म्हणजे वर्षाला जेमतेम मिनिटभर. जळगावच्या वाचकांनीही व्हॉल्व्हच्या वेळा हिच्यावरच लावाव्यात. लोखंडी पेटीत 65 अंशांना ही हमी साडेतीन भागांची होते, पण ठिबकला तीही पुरून उरते.