स्नायडर घराण्याचे मूळ आडनाव

प्रश्न : आमच्या अमेरिकन सुनेचे पूर्वज 18व्या शतकात जर्मनीहून पेनसिल्व्हेनियात आले. आडनाव स्नायडर. मूळ नाव कसे शोधावे?

उत्तर : मूळ आडनाव बहुधा श्नायडर असावे. पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया बंदरात उतरणाऱ्या 16 वर्षांवरील जर्मन पुरुषांना 1727 पासून ब्रिटिश राजाशी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. त्या याद्या छापून प्रसिद्ध झालेल्या आहेत. जहाजाच्या कप्तानाच्या यादीत नावे कानाला ऐकू आली तशी इंग्रजी वळणाने उतरवलेली असतात, म्हणून शपथेच्या यादीतील स्वहस्ते केलेली जर्मन सही अधिक विश्वासार्ह मानावी. निरक्षरांच्या नावापाशी मात्र केवळ खूण आढळते. आडनाव असे बदलल्याचे एक उदाहरण : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचे 1738 मध्ये आलेले पूर्वज आंद्रेयास हूबर होते. एकाच नावाची माणसे पुष्कळ असल्याने, लुथरन किंवा रिफॉर्म्ड (दोन्ही प्रोटेस्टंट पंथ) चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींतील पत्नीचे व धर्ममातापित्यांचे (बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्यांचे) नाव जुळते का, हे अवश्य पडताळावे.