दगडात दगड बसवतात तो कसा?

प्रश्न: हैदराबादला सालारजंग म्युझियममध्ये जेडच्या मुठीचे मुघल खंजीर बघितले, हिरवट दगडात माणकं बसवलेली पण नख्या वगैरे काहीच नाहीत. गोंदाने चिकटवतात का? माझ्याकडे एक जुना पाचू आहे, त्यात छोटे हिरे बसवून मिळतील का?

उत्तर: गोंद नाही हो, सोनं! आपण कोंदण म्हणतो ना, तेच काम, फक्त खाली सोन्याऐवजी दगड. आधी जेडमध्ये पाण्याखाली, हिऱ्याच्या टोकाने किंवा कणांनी खड्याएवढी खोबण कोरायची आणि यातली खरी गंमत म्हणजे ती तोंडाशी जरा अरुंद, तळाला किंचित रुंद ठेवतात, म्हणजे आत भरलेलं सोनं अडकून बसतं. तळाशी डांक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, त्यावर माणिक, आणि कडेने २४ कॅरेटच्या वर्खासारख्या पट्ट्या पोलादी सळईने दाबत जायच्या. इतकं शुद्ध सोनं नुसत्या दाबानेच एकमेकाला चिकटतं, तापवायची गरज नाही, म्हणून दगड तडकत नाही. २२ कॅरेट घेऊन हा प्रकार करायला जाऊ नका, जमत नाही.

आता पाचू. तुमचा बेत मला फारसा पटत नाही. जेडची कठीणता (१ ते १० च्या मोह्स मापावर) ६ ते ६.५ च, पण आतले तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने तो चिवट, पाचू ७.५ ते ८, पण आत बहुतेक वेळा बारीक भेगा असतात, कोरताना कधी दुभंगेल सांगता येत नाही. हौसच असेल तर स्फटिकावर करून घ्या ना, स्वस्तात पडेल.