वाचकांचे प्रश्न : बातमी कोणाकडे पाठवावी?

प्रश्न : सांवेर रोडवरील आमच्या छोट्या कारखान्यात सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती पेरणीपूर्वी घरच्या घरी तपासण्याचा संच तयार होतो. गेल्या हंगामात त्याची प्रेसनोट आम्ही दीडशेहून अधिक पत्त्यांवर ई-मेलने पाठवली, पण छापून फारसे काही आले नाही. आता एक एजन्सी वार्षिक शुल्क घेऊन देशभरातील पत्रकारांची यादी देऊ करत आहे. तिच्यात प्रत्येक नावापुढे शंभरपैकी गुण दिलेले आहेत. ही यादी घ्यावी का? नसेल, तर आकडेवारीच्या आधारे वृत्तपत्रे आणि पत्रकार कसे निवडावेत?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : यादी घेण्यापूर्वी ते गुण कशाचे आहेत, हे एजन्सीला लेखी विचारावे. अशा याद्यांमधील गुण बहुधा नावानिशी प्रसिद्ध झालेल्या लेखांची संख्या, संकेतस्थळावरील वाचकांची वर्दळ आणि समाजमाध्यमांवरील अनुयायी यांवरून काढलेले असतात. त्यामुळे दिल्ली-मुंबईत इंग्रजीतून उद्योगविषयक लिहिणारे पत्रकार आपोआप वर येतात. इंदूरच्या हिंदी दैनिकांत मात्र स्थानिक आणि जिल्ह्यांच्या कितीतरी बातम्या बातमीदाराच्या नावाविना, केवळ ‘नगर प्रतिनिधि’ किंवा ‘संवाददाता’ अशा उल्लेखाने छापल्या जातात. धार किंवा शाजापूरहून दर मे महिन्यात बियाण्याच्या टंचाईवर नेमाने लिहिणारा वार्ताहर या यादीत एक तर नसतोच, किंवा असलाच तर तळाशी असतो. आपल्याला नेमकी त्याचीच गरज आहे, म्हणून आपल्या कामासाठी ही यादी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

खपाच्या आकड्यांवरही निवड सोपवू नये. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही 1948 साली स्थापन झालेली संस्था आपल्या सदस्य वृत्तपत्रांचा खप दर सहा महिन्यांनी प्रमाणित करते, आणि जाहिरातीचा दर ठरवताना तो आकडा उपयोगी पडतो. पण किती प्रती विकल्या गेल्या एवढेच त्यावरून कळते. शेतीची बातमी कोणत्या पानावर जाते आणि ती घ्यायची की नाही हे कोण ठरवतो, हे कळत नाही. शिवाय एकाच दैनिकाची इंदूर शहराची पाने आणि उज्जैन, देवास, धारकडे जाणारी पाने वेगवेगळी असतात. शहराच्या पानावर आलेली आपली बातमी राजवाड्याच्या परिसरात पुष्कळांनी वाचली, तरी ज्याच्या शेतात सोयाबीन आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचलेली नसते.

आपल्याला हवी ती आकडेवारी छापील पानांतच आहे आणि ती आपणच गोळा करावी लागेल. मागील दोन हंगामांतील एप्रिल ते जुलै या महिन्यांचे ई-पेपर आणि संकेतस्थळे पाहून ‘सोयाबीन बीज’, ‘अंकुरण’, ‘अमानक बीज’ अशा शब्दांनी बातम्या शोधाव्यात. ई-पेपरची पाने अनेकदा चित्ररूपात असतात आणि शोधात सापडत नाहीत. तेव्हा काही अंक डोळ्यांनीच चाळावे लागतील, त्याला इलाज नाही. प्रत्येक बातमीसाठी तारीख, वृत्तपत्र, आवृत्ती, पान, बातमीदाराचे नाव किंवा नुसता उल्लेख आणि विषय एका तक्त्यात नोंदवावा. ‘इम्पॅक्ट फीचर’ किंवा ‘ॲडव्हर्टोरियल’ असे लिहिलेला मजकूर पैसे देऊन छापलेला असतो, म्हणून तो या मोजणीत धरू नये. तो धरला, तर जे पान केवळ विकत मिळते ते आपल्या विषयाला अनुकूल आहे असा गैरसमज होईल.

या तक्त्यात आणखी एक रकाना अवश्य ठेवावा, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत बोलका आहे : बातमीत शब्द कोणाचे आहेत? एखाद्या दैनिकात बियाण्याच्या बहुतेक बातम्या कृषी विभागाच्या अधिकाऱ्याच्या किंवा शास्त्रज्ञाच्या म्हणण्यावर उभ्या असतील, तर तेथे कारखानदाराच्या तोंडून आलेली उत्पादनाची स्तुती टिकणार नाही. तेथे चाचणीचे निकाल न्यावे लागतील. दुसरीकडे शेतकऱ्याची अडचण केंद्रस्थानी ठेवणारा बातमीदार असेल, तर त्याला आपला संच वापरलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांची, त्यांच्या संमतीने, गाठ घालून द्यावी. पहिल्या प्रकारच्या दैनिकासाठी आपल्याजवळ भक्कम आधार आहे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी असा निकष आहे, आणि या पिकाच्या बीचे आवरण पातळ असल्यामुळे मळणीत व हाताळणीत तिला सहज इजा होते. शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून मोड आलेल्या बिया मोजण्याची पद्धत शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. त्या पद्धतीपेक्षा आपला संच कोठे सरस आहे, हे तुलनेच्या आकड्यांनिशी सांगता आले, तरच ती बातमी होते. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरमध्येच असल्याने जाणकाराचे स्वतंत्र मत घेणे बातमीदारालाही अवघड जाणार नाही.

तक्त्यातून आठ-दहा नावे किंवा पाने वर आली की दीडशे पत्त्यांचा नाद सोडावा. जेथे बातमीदाराचे नाव छापलेले नाही, तेथे कार्यालयात दूरध्वनी करून शेतीचे काम कोण पाहते हे सरळ विचारावे. ‘कृषक जगत’सारखे शेतीविषयक साप्ताहिक आणि आकाशवाणी इंदूरचे शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम गुणांच्या यादीत फारसे दिसणार नाहीत, तरी आपल्या ग्राहकाचा विचार करता मी त्यांना मोठ्या दैनिकाच्या शहर पुरवणीच्या आधी धरीन.

वेळही त्याच तक्त्यात सापडेल. माळव्यात पेरणी पावसाबरोबर जूनच्या उत्तरार्धात सुरू होते. बियाणे कमी उगवणारे निघाले, तर ते बदलायला किंवा एकरी प्रमाण वाढवायला शेतकऱ्याला अवधी हवा. म्हणून प्रेसनोट मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवावी.

ई-मेल किती जणांनी उघडले, या आकड्यावर विसंबू नये. 2021 पासून ॲपलच्या मेलमध्ये अशी सोय आहे की वाचणाऱ्याने पत्र उघडले नसले तरी ते उघडल्याची नोंद होऊ शकते. त्याऐवजी उत्तर कोणाचे आले, कोणी अधिक माहिती मागितली आणि कोठे छापून आले, हे नोंदवावे. दहापैकी तिघांनी छापले आणि दुसऱ्या खेपेस दोघांनी, तर या फरकावरून काही ठरवू नये, कारण एवढ्या थोड्या संख्येत असा फरक योगायोगानेही पडतो. संच विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मात्र माहिती कोठे वाचली वा ऐकली आणि तहसील कोणती, एवढे दोन प्रश्न विचारावेत. पुढच्या हंगामात या उत्तरांना छापील कात्रणांच्या संख्येपेक्षा अधिक वजन द्यावे.

प्रश्न : पत्रकारांच्या खासगी मोबाइल क्रमांकांची यादी कोणी विकत देत असेल, तर ती घेणे योग्य आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : घेऊ नये. ज्या व्यक्तीने आपली माहिती स्वतःहून जाहीर केली आहे, ती माहिती वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. त्यामुळे बातमीदाराने कामासाठी स्वतः प्रसिद्ध केलेला ई-मेल किंवा क्रमांक वापरण्यास हरकत नाही. कोणाकडून तरी जमवून विकलेल्या क्रमांकांना हा आधार मिळत नाही. शिवाय अनोळखी क्रमांकावरून, न विचारता, एकगठ्ठा आलेला संदेश बातमीदार बहुधा वाचण्याआधीच बंद करतो. वृत्तपत्राच्या कार्यालयाचा क्रमांक अंकातच छापलेला असतो. दुपारच्या बैठकीपूर्वी तेथे दूरध्वनी करावा.