‘खोरे’ की ‘द्रोणी’? आणि ‘साठा’ कधी म्हणायचे?

प्रश्न असा आहे: ‘कृष्णा-गोदावरी खोऱ्यात शेल गॅसचे साठे’ असे वाचले. गोदावरीचे खोरे त्र्यंबकेश्वरापासूनच सुरू होते. मग नाशिकखालीही हा गॅस आहे का?

नाही. घोळ ‘खोरे’ने घातला आहे. जिथले पाणी एका नदीला मिळते ते तिचे खोरे. इथे ‘खोरे’ आले ते इंग्रजी ‘बेसिन’साठी, आणि हे ‘बेसिन’ मात्र भूविज्ञानातले: कोट्यवधी वर्षे खचत आणि खचता खचता गाळाने भरत गेलेला खोलगट भाग. त्याला शब्द आहे ‘द्रोणी’. पत्रावळीशेजारचा द्रोण आठवा, पुरे. कृष्णा-गोदावरी द्रोणी आहे आंध्रच्या किनाऱ्याला, नद्यांच्या मुखांपाशी आणि पुढे समुद्राखाली. आपल्याकडे विहीर खणताना मुरूम संपला की लागतो तो काळा कातळ, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. गॅस व्हायला लागणारे सेंद्रिय द्रव्य त्यात कुठून असणार?

ते असते शेलमध्ये, म्हणजे बारीक चिखल दाबला जाऊन झालेल्या पापुद्र्यांच्या खडकात. (‘पाटीचा दगड’ म्हणू नये, ती स्लेट, शेल आणखी दाबला-भाजला गेल्यावर होणारी.) प्राणवायू नसलेल्या तळाशी बारीक चिखल बसला की त्यातले शेवाळ पुरते कुजत नाही, त्याचे केरोजेन (खडकात अडकलेले घन सेंद्रिय द्रव्य) होते. खोल गाडले गेल्यावर साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला त्यातून तेल सुटते, दीडशेच्या पुढे मुख्यतः गॅस.

आता ‘साठा’. चाळीत भरलेला कांदा हा साठा. वावरातल्या कांद्याला कोणी साठा म्हणत नाही. नेहमीच्या विहिरींतला गॅस जिथे तयार झाला तिथून सरकून सच्छिद्र खडकात गोळा झालेला असतो, म्हणजे चाळीतला. शेलमधला अजून वावरातच आहे: काही सूक्ष्म छिद्रांत मोकळा, काही केरोजेनला चिकटून. खडक तडकवल्याशिवाय तो वाहत नाही.

म्हणून मोजणीही वेगळी. सेंद्रिय कार्बन निदान २ टक्के हवा. व्हिट्रिनाइट या कोळशासारख्या कणांची परावर्तकता (त्यांवरून किती प्रकाश परत फिरतो; खडक जितका तापला तितकी ती जास्त) १.३ टक्क्यांच्या वर गेली की कोरडा गॅस, म्हणजे सोबत तेल नसलेला, अपेक्षित. मग विहीर खोदताना खडकाचा गाभा, म्हणजे दांड्यासारखा सलग तुकडा, वर काढून हवाबंद डब्यात घालतात, डबा जमिनीखाली त्या खडकाचे जे तापमान होते त्यालाच ठेवतात आणि सुटणारा गॅस मोजतात; शेवटी खडक दळून उरलेलाही. खरी गोम आधीच असते: गाभा वर येताना निसटलेला गॅस मोजता येत नाही, सुरुवातीच्या नोंदींवरून मागे हिशेब करून काढावा लागतो. डबा बंद करायला उशीर झाला की तो आकडा फसलाच.

गंगापूर धरणाच्या आकड्यांत आपण ‘एकूण’ आणि ‘उपयुक्त’ वेगळे वाचतोच. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०१३ मध्ये भारतातल्या शेलमध्ये ५८४ ट्रिलियन घनफूट गॅस असल्याचा अंदाज दिला. तंत्राने काढण्याजोगा त्यातला फक्त ९६. हे ९६सुद्धा ‘साठा’ नव्हे. विहिरींनी सिद्ध झालेला आणि आजच्या भावात परवडणारा तोच साठा.

तेव्हा मथळा असा हवा: ‘कृष्णा-गोदावरी द्रोणीतील शेलमध्ये गॅस असल्याचा अंदाज’.