कन्सल्टिंगवाले पोरांत नेमकं काय बघतात?

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बिझनेस कन्सल्टिंगमध्ये जायचं डोक्यात पक्कं बसलंय पण त्या मोठ्या कंपन्या आमच्या कॉलेजला येत नाहीत आणि माझं इंग्लिशही अडखळत आहे. ते लोक पोरांत बघतात तरी काय? आतापासून काय करू?

उत्तर: इंग्लिशची धास्ती आधी बाजूला ठेव. इंटरव्ह्यू इंग्लिशमध्येच होतो, रोज बोलायची सवय लावावीच लागणार, पण उच्चारावर तिथं गाडी अडत नाही, विचार विस्कळीत असला की अडते.

कन्सल्टिंग म्हणजे दुसऱ्यांच्या धंद्यातल्या अडचणी सोडवायला सल्ला देणं. ह्या धंद्यात क्लायंट गोंधळ घेऊनच येतो, "काम भरपूर आहे पण पैसा दिसत नाही" एवढंच सांगतो. त्या गोंधळाचे तुकडे पाडून आधी कुठला उचलायचा हे ज्याला कळतं तो माणूस त्यांना पाहिजे असतो, म्हणून केस इंटरव्ह्यू घेतात, म्हणजे एखाद्या धंद्याची अडचण समोर ठेवून ती तुझ्याकडून सोडवून घेतात. समज तुला विचारलं, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीला, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याला, ऑर्डरी पुरून उरतायत तरी नफा घसरलाय, का? बरीच पोरं लगेच "मार्केटिंग वाढवा" म्हणून मोकळी होतात. तू आधी विचार की, कधीपासून घसरला, एकाच कास्टिंगवर (ओतलेल्या पार्टवर) की सगळ्यांवर. मग भाव, विक्री, खर्च वेगळे कर, खर्चात परत स्क्रॅप (वितळवायला आणलेलं भंगार), वीज, मजुरी, साच्याची वाळू आणि रिजेक्शन, म्हणजे खराब निघून बाद झालेला माल. समजा ते म्हणाले महिन्याला १०० टन ओततात आणि रिजेक्शन ४ टक्क्यांवरून ९ वर गेलंय. म्हणजे ५ टन चांगला माल कमी निघाला, किलोला ११० रुपये भाव धरला तर साडेपाच लाख गेले. पण थांब, खराब कास्टिंग परत भट्टीत जातं, त्या लोखंडाचे किलोला ४० धरले तर २ लाख परत आले, खरा फटका साडेतीन लाखांचा. हे "पण थांब" ज्याला स्वतःहून सुचतं त्याच्यावर त्यांची नजर जाते. आणि हे सगळं कॅल्क्युलेटरशिवाय, मोठ्यानं बोलत करायचं असतं, मनातल्या मनात बरोबर उत्तर काढून गप्प बसलीस तर त्यांना काही कळत नाही. शेवटी निष्कर्ष आधी सांगायचा, कारणं मग.

दुसरा भाग तुझ्याबद्दलचा. "आम्ही टीमनं इव्हेंट केला" हे चालत नाही, तू काय केलंस, कोण आडवं आलं, त्याला कसं वळवलंस हे विचारतात आणि खोलात जाऊन विचारतात, त्यामुळं ऐकीव गोष्टी तिथं टिकत नाहीत. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. केलेलं काम सिनिअरनं लाल करून परत दिलं तर तोंड न पाडता दुरुस्त करणं हा पण गुणच आहे, पहिली दोन वर्षं तेच चालतं. एक्सेलचं पिव्होट, लुकअप वगैरे महिनाभरात येऊन जातंय.

आणि एक सांगतो, तुझ्याकडं जे आहे त्याची तुला किंमत नाही. मशीनवरच्या कामगाराशी कन्नडमध्ये, सुपरवायझरशी मराठीत, मालकाशी हिंदीत बोलून माहिती काढता येणं ह्या कामात सोन्यासारखं आहे, कारण रिजेक्शन का वाढलं ते ऑफिसातल्या शीटमध्ये नसतं, साचे बनवणाऱ्या मोल्डिंगवाल्याला माहीत असतं. सीव्हीवर भाषा शेवटच्या ओळीत ढकलू नको.

रस्त्याचं म्हणशील तर मॅकिन्झी, बीसीजी, बेन ह्या सगळ्यात वरच्या कन्सल्टिंग कंपन्या मुख्यतः आयआयटी-आयआयएमच्या कॅम्पसवर भरती करतात, तिथं थेट शिरणं अवघड आहे हे कबूल करायलाच पाहिजे. डेलॉइट, ईवाय, केपीएमजी, पीडब्ल्यूसी ह्यांच्याकडं टेक्नॉलॉजी आणि रिस्क कन्सल्टिंगला इंजिनिअर लागतात, ऑफ-कॅम्पस, म्हणजे कॉलेजबाहेरून थेट, अर्ज कर, पुण्या-बेंगळुरूत तुमच्या कॉलेजचे सिनिअर असतील त्यांना रेफरल माग, म्हणजे कंपनीत तुझं नाव सुचवायला सांग, लाजू नको. दोन-तीन वर्षं काम करून मग कॅट देऊन चांगल्या एमबीएला गेलीस तर वरचं दार परत उघडतं.

येत्या सुट्टीत मच्छे किंवा उद्यमबागच्या एखाद्या छोट्या कारखान्यात जा, पगार मागू नको, फक्त रिजेक्शनचं रजिस्टर बघायला माग. दोन महिन्यांचे आकडे एक्सेलमध्ये टाक, कुठल्या शिफ्टला, कुठल्या पार्टला जास्त जातंय ते काढ आणि मालकाला एका पानात सांग. त्यांनी त्यातलं काही केलं तर तेच सीव्हीत सगळ्यात वर घाल.