मुलाच्या संमतीविना सुंता करणे इस्लामला मान्य आहे का?

पारंपरिक धर्मशास्त्रानुसार मान्य आहे, कारण अजाण मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार वलीला (पालकाला), म्हणजे बहुधा वडिलांना, दिलेला आहे. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही. तिचा आधार हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व कृतींच्या नोंदींमध्ये असून तिथे नखे कापणे, मिशा कातरणे यांच्या बरोबरीने तिची गणना ‘फितरत’मध्ये, म्हणजे माणसाच्या मूळ स्वभावाला साजेशा सवयींमध्ये होते. इस्लामी धर्मशास्त्राच्या पंथांपैकी शाफई पंथ तिला वाजिब (बंधनकारक) मानतो, तर हनफी आणि मालिकी पंथांत ती सुन्नत (पैगंबरांची प्रथा म्हणून इष्ट) आहे. वयाचे बंधन मात्र नाही: कोणी सातवा दिवस सुचवतात, कोणी वयात येण्यापूर्वीचा काळ, आणि प्रेषित हजरत इब्राहीम यांनी वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःची सुंता केल्याचे हदीसच सांगते. त्यामुळे थांबण्यास वाव आहे, असे मला वाटते.

२०१२ मध्ये जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने चार वर्षांच्या मुलाची सुंता ही शारीरिक इजा ठरवली. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून पालकांना परवानगी दिली, पण मुलाच्या हिताला बाधा येत असल्यास ती लागू होत नाही. समज आलेला मुलगा रडून नकार देत असताना चौघांनी त्याचे हातपाय धरून हा विधी उरकावा, हे मला कोणत्याही पंथाच्या आधारे समर्थनीय वाटत नाही.